तांब्याभर मठ्ठ्याची चौकशी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या जनतेच्या मुखात जाणाऱ्या प्रत्येक घासावर नव्वदच्या दशकातली सात वर्षं माझी करडी नजर होती. माझ्या निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठांनी हे वाक्य म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वस्तुस्थिती अशी, की दोन तालुक्यांना मिळून मी एकटा अन्न निरीक्षक होतो, मला गाडी नव्हती, आणि माझी करडी नजर एस.टी.च्या खिडकीतून दिसेल तेवढ्यावर पडायची. खिडकीची जागा मिळाली तर.

काम काय असतं ते आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही फुकट खात हिंडतो. दुकानात जायचं, आपण कोण ते सांगायचं, दोन पंच, म्हणजे साक्षीदार, उभे करायचे. पंच व्हायला कोणी तयार नसतं. तुम्ही स्टँडवर उतरताच समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून मागच्या दारानं जातो. पंच मिळाले की पदार्थ विकत घ्यायचा, त्याचे तीन सारखे भाग करायचे, तीन कोरड्या बाटल्यांत भरायचे, लेबल, कागद, दोरा, लाख, मोहोर. एक बाटली पुण्याला प्रयोगशाळेत जायची, दोन राखून ठेवायच्या. दूध, दही, ताक असं काही असेल तर प्रत्येक बाटलीत फॉर्मॅलिनचे थेंब टाकायचे, म्हणजे नमुना नासत नाही. कॉलेजात बेडूक ज्यात बुडवून ठेवतात तेच हे औषध. त्यानं दूध महिनाभर जसंच्या तसं राहतं, कारण नासवणारे जंतूच त्यात जिवंत राहत नाहीत. मग प्रयोगशाळा स्निग्धांश किती आणि पाणी किती ते सांगते.

बाटल्यांची लाकडी पेटी वाहायला गेनूआबा होते. पदानं माझे शिपाई, वयानं वडीलधारे, आणि अनुभवानं माझे साहेब.

या नोकरीत कॅलेंडर लागत नसे. पेटीत काय आहे त्यावरून महिना कळायचा. दिवाळीच्या तोंडावर इंदापुरात खवा. त्यात बटाटा किंवा पीठ घातलं आहे का ते बघायला आयोडीनचा एक थेंब पुरतो. भेसळ असली की खवा निळा होतो. एका पेढेवाल्याचा खवा शाईसारखा निळा झाला, तर तो माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "सायेब, औषध खराब झालंय तुमचं. सरकार जुना माल देतंय तुमाला."

थंडीत भवानीनगरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात, गुऱ्हाळं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात पावडर मारायचे. एका गुऱ्हाळावर मला चहा दिला, गुळाचा, काळपट आणि अत्यंत चांगला. मी मालकाला विचारलं, हा गूळ बाजारात का नेत नाही? "ह्यो घरचा हाय," तो म्हणाला. "पिवळा हाय तो पुन्या-मुंबईच्या लोकांचा. त्यांनला पिवळाच लागतो." त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. ज्याला जे हवं ते तो देत होता.

उन्हाळ्यात बर्फ. भिगवणला मासळी भरायला येणारा बर्फ आणि बारामतीच्या रसवंतीत उसाच्या रसात पडणारा बर्फ एकाच टेंपोतून, एकाच गोणपाटाखालून यायचा. आधी कोण उतरवून घेतो एवढाच काय तो फरक. पावसाळ्यात भिगवणची हॉटेलं, धरणाच्या फुगवट्यातला मासा. तिथल्या एका हॉटेलवाल्याला मी मासा ताजा आहे का असं विचारलं होतं. "मला कशाला इचारता? मी इकनारा हाय. माशाला इचारा की, डोळं उघडं हायत त्याचं." मी माशाच्या डोळ्यांत पाहिलं. ताजा होता. नमुना घेतला नाही, ताट घेतलं.

हे सगळं मजेनं सांगता येतं. दिवाळी अंकात राग मांडू नये असा संकेत आहे. लोक फराळ करत वाचत असतात. पण मला या सात वर्षांतलं एकच प्रकरण खरोखर सांगायचं आहे आणि ते मला अजूनही शांतपणे सांगता येत नाही.

विमलमावशी कऱ्हाटीची. बारामतीच्या पश्चिमेला, पाटाचं पाणी न पोचलेल्या बाजूचं गाव. बौद्ध घर, सासऱ्यांच्या पिढीत दीक्षा घेतलेली. नवरा रेल्वेतून निवृत्त, थोडी जिरायत जमीन, दोन म्हशी, आणि एक मुलगी संगीता, पुण्यात नर्सिंगचं शिकणारी. मावशी रोज सकाळच्या एस.टी.नं बारामतीला यायची आणि एका सहकारी संस्थेच्या कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली गाडा लावायची. जागा संस्थेची होती. कोण्या जुन्या मॅनेजरनं कधीतरी "बसा" म्हटलं होतं, त्यावर ती बारा वर्षं बसत होती. थंडीत हुरडा आणि लसणाची चटणी, पावसाळ्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि होळीनंतर मठ्ठा. हुरडा-शेंगा शेतावर अवलंबून. घर चालायचं ते मठ्ठ्यावर, आणि मठ्ठ्याचे दिवस मोजून तीन महिने. आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं आणि घरच्या विहिरीचं पाणी. बर्फ नाही, माठ होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेले.

मी पहिल्यांदा पेटी घेऊन गेलो तेव्हा तिनं विचारलं, "तपासाया आलाय का प्यायाला?"

"का? फरक आहे?"

"तपासाया आला असाल तर हुबं ऱ्हा. प्यायाला आला असाल तर बसा, पाट देते."

मी उभा राहिलो. नमुना उत्तम निघाला. त्यानंतर मी बसायला लागलो.

खात्याच्या सांगण्यावरून मी दर उन्हाळ्याच्या आधी विक्रेत्यांचं मार्गदर्शन शिबिर घेत असे. एका शिबिरात मी सांगितलं, की रोजच्या मालातला थोडासा दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून बाजूला ठेवत जा. कोणी तक्रार केली तर तो तुमचा साक्षीदार. सगळ्यांनी माना डोलावल्या. रसवंतीवाले, भेळवाले, आइस्क्रीमवाले, झाडून सगळे. प्रत्यक्षात ठेवला एकटीनं. रोज संध्याकाळी ती स्टीलच्या तांब्यात मठ्ठा भरायची, वर वाटी, वर ओलं फडकं. गेनूआबांनी चेष्टा केली, "मावशे, तांब्याचा नाय तर पितळंचा तांब्या तरी ठिव, सोभंल." "ताक कळकंल की ओ," ती म्हणाली, "एवडं बी ठावं न्हाय व्हय सरकारला?"

ज्या संस्थेच्या कुंपणाला टेकून हे चालायचं, तिचा रौप्यमहोत्सव आला. संस्थेचं नाव सांगत नाही. तिचं काम लोकांच्या भल्याचं होतं, असं तिच्या गौरवग्रंथात पहिल्याच पानावर लिहिलं आहे. ऐन उन्हाळ्यात मागच्या मैदानावर मंडप पडला. पंचवीस वर्षांची पंचवीस कबुतरं सोडायची होती. त्यातली निम्मी उन्हानं इतकी हैराण झाली होती की मान्यवरांच्या हातातून सुटल्यावर ती व्यासपीठाखाली जाऊन बसली. मग भाषणं. प्रत्येक वक्त्यानं "मी फार वेळ घेणार नाही" असं म्हणून घेतला.

जेवण बाराचं होतं, पानं वाढली साडेतीनला. पक्वान्न श्रीखंड. दिगंबरशेठ नावाच्या आचाऱ्या-कंत्राटदारानं ते आदल्या दिवशी करून प्लॅस्टिकच्या पिंपांत भरलं होतं आणि पिंपं सकाळपासून पत्र्याच्या शेडमध्ये होती. त्या उन्हात पत्र्याखाली माणूस तासभर उभा राहिला नसता. श्रीखंड सात-आठ तास होतं.

संध्याकाळी सहाला पहिला माणूस ओकला. रात्रीपर्यंत सरकारी दवाखान्यात खाटा पुरेनात, लोक व्हरांड्यात सतरंजीवर. सुदैवानं कोणी दगावलं नाही. मी त्या दिवशी भिगवणला होतो. निरोप मिळून दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पोचलो, तर मंडप सुटत होता, पिंपं घासून पालथी घातलेली होती, आणि शेडच्या मागं ओली माती वर आलेली होती.

"उरलेलं श्रीखंड कुठं आहे?" मी दिगंबरशेठला विचारलं.

"पुरलं."

"का?"

"अन्न हाय साहेब. पायदळी यायला नको. हळद-कुंकू वाहून पुरलं." त्यानं कपाळाला हात लावला.

"बिल दाखवा. कुणाला विकलं, किती विकलं."

"बिल कसलं? संस्थेला माझी सेवा होती. विकलंच न्हाई तर तुमचा कायदा कसा लागंल?"

कायदा त्यानं माझ्यापेक्षा बारकाईनं वाचला होता. सेवेबद्दल त्याला आदल्याच दिवशी शाल आणि नारळ मिळाला होता, तो फोटो नंतर मी पाहिला. मी चिडून गेनूआबांना म्हणालो, उकरा. आबा मातीकडे बघत म्हणाले, "सायेब, उकरतो की. पर कागदावर काय लिवायचं? श्रीखंडात माती घावली, का मातीत श्रीखंड?"

तेवढ्यात संस्थेचे चिटणीस आले. रात्रभर जागरण झालेला माणूस दिसतो तसे ते अजिबात दिसत नव्हते. "साहेब, तुम्ही इथं कशाला शोधताय?" ते म्हणाले. "गेटबाहेर ती बाई दिवसभर मठ्ठा विकत होती. निम्म्या लोकांनी प्यालाय. तिकडं बघा की."

मी गेटबाहेर गेलो तेव्हा गाड्याभोवती तीस-चाळीस माणसं जमलेली होती. कोणीतरी माठ फोडला होता. खापरं तशीच पडली होती. मावशी दुसऱ्या माठाला हात लावून उभी होती. मला बघून ती गर्दीवर ओरडली, "सरका! आलं सायेब. आता काय ते कळंल." आणि माझ्याकडे वळून खालच्या फळीवरचा तांब्या काढला. फडकं ओलं होतं. "कालचा हाय. काल जो समद्यांनी प्याला त्योच. ठिवलाय मी. तुमीच सांगितल्यालं."

त्या क्षणी मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. एवढ्या मोठ्या समारंभात, एवढ्या शालींत आणि नारळांत, पुरावा राखून ठेवणारी एकच व्यक्ती होती आणि ती माझी विद्यार्थिनी होती. या वेळी पंच मागावे लागले नाहीत, गर्दीच पंच व्हायला उतावीळ होती. मी तीन बाटल्या भरल्या. तांब्यात पेलाभर मठ्ठा उरला.

गर्दीतून कोणी म्हणालं, "इखच असंल त्यात."

मावशीनं तांब्या उचलला आणि वरून धार धरून सगळा मठ्ठा प्याली. पदरानं तोंड पुसलं. "आता हितंच बसते सांजच्यापातूर," ती म्हणाली. "मेले तर तुमचं खरं. न्हाय मेले तर माझ्या माठाचं काय ते बोला."

मी तिच्याकडे बघत होतो. गेनूआबांनी नेहमीप्रमाणे औषधाची कुपी उघडून माझ्या हातात दिली आणि मी नेहमीप्रमाणे तिन्ही बाटल्यांत थेंब मोजून टाकले. लेबल, कागद, दोरा, लाख, मोहोर. हात सवयीचे होते. एक बाटली दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली.

मावशी संध्याकाळपर्यंत बसली आणि शेवटच्या एस.टी.नं ठणठणीत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "मठ्ठा बर्फात ठेवून पाठवलात ना? औषध नाही ना घातलं? जंतू बघायचेत."

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे केलंय."

सरकारी नोकरीत याहून सुरक्षित वाक्य नाही, आणि ते तोंडून निघत असतानाच मला तिन्ही बाटल्यांतले थेंब आठवले. भेसळ बघायची असते तेव्हा थेंब टाकायचे. विषबाधा असते तेव्हा नमुना जिवंत लागतो. त्यात कसले जंतू आहेत, आहेत की नाहीत, हे बघायचं असतं. थेंब पडले की आतलं सगळं मरतं. मग त्यात काही नव्हतं म्हणून सापडलं नाही, की होतं ते मेलं, हे कोणालाच सांगता येत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते. तीन बाटल्या मारून टाकल्या होत्या आणि चौथा भाग मावशी प्याली होती.

संस्थेनं दोन गोष्टी तातडीनं केल्या. कडुनिंबाला पाटी ठोकली, "चौकशी होईपर्यंत येथे खाद्यपदार्थ विकण्यास सक्त मनाई आहे." आणि चौकशी समिती नेमली. समितीत संस्थेचे अध्यक्ष, चिटणीस आणि एक संचालक. तिघेही त्या दिवशी तंदुरुस्त राहिले होते, कारण तिघांनी श्रीखंड फोटोपुरतं खाल्लं होतं.

मला बोलावलं. मी गप्प बसायला गेलो नव्हतो. दवाखान्यातली यादी घेऊन आठ दिवस हिंडलो होतो. मी म्हणालो, "बँडवाले आणि पाहुण्यांचे ड्रायव्हर यांना आत जेवायला घेतलं नव्हतं. त्यांनी दिवसभर भाकरी आणि या बाईचा मठ्ठा यांवर काढला. एकालाही काही झालं नाही. उलट आजारी पडलेल्यांतला मठ्ठा प्यालेला पण श्रीखंड न खाल्लेला एक माणूस मला दाखवा."

अध्यक्षांनी विचार केला. "बँडवाल्यांची पचनशक्ती वेगळी असते," ते म्हणाले.

"आणि ड्रायव्हरांची?"

"त्यांना बाहेरच्या खाण्याची सवय असते."

मग चिटणीस, थोडं पुढं वाकून, आपण दोघे समजूतदार आहोत अशा आवाजात म्हणाले, "साहेब, खरं सांगू का? आमची माणसं एरवी तिच्या हातचं पीत नाहीत. उन्हापायी प्याली. आता लोक बोलतात, बोलणारच."

मी उठलो. काय बोललो ते छापण्यासारखं नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. इतिवृत्तात त्यांनी लिहिलं, "अन्न निरीक्षकांनी संपूर्ण सहकार्याचे आश्वासन दिले."

दारापर्यंत सोडायला आलेले अध्यक्ष म्हणाले, "चिडू नका. शास्त्रीय अहवाल येऊ दे. अहवालात मठ्ठा निर्दोष निघाला तर आम्हीच तिला सन्मानानं जागा परत देऊ. समारंभ करून."

अहवालात काय येणार हे त्या इमारतीत मला एकट्याला माहीत होतं. ते तिथंच, त्या दारात सांगायला हवं होतं, की चूक माझी आहे, तुमचा अहवाल बाद आहे, बँडवाल्यांना बोलावून विचारा. मी जोड्यांत पाय घातले आणि निघालो. इतरांवर ओरडायला मला कधी धैर्य कमी पडलं नाही. ते एक वाक्य मात्र जमलं नाही.

प्रयोगशाळेला जेवढी मुदत होती तेवढी तिनं पूर्ण वापरली. त्या पाच-सहा आठवड्यांत मठ्ठ्याचे दिवस संपले. मावशीनं आठवडाभर भिगवणला जाऊन पाहिलं, दोन गाड्या बदलून, माठ मांडीवर घेऊन. तिथं सगळी मासळीची हॉटेलं. माशावर ताक कोण पितं? आठव्या दिवशी तिनं ते सोडलं. "त्यांचं बी बरोबर हाय," ती गेनूआबांना म्हणाली म्हणे. "मासं आन् ताक म्हंजी अंगावर डाग."

अहवाल आला तो घेऊन मी स्वतः कऱ्हाटीला गेलो. पोस्टानं पाठवता आला असता. शेतात भुईमूग उगवून आला होता. घरासमोर मावशी म्हशीला वैरण टाकत होती. संगीता सुट्टीवर आली होती. तिनंच बाज टाकली, पाणी दिलं आणि माझ्या हातातला कागद घेतला.

तिनं तो दोनदा वाचला. स्निग्धांश ठीक. पाणी ठीक. भेसळ नाही. मग खालची ओळ तिनं मोठ्यानं वाचली, "नमुन्यात परिरक्षक औषध मिसळलेले असल्याने जंतुपरीक्षण शक्य झाले नाही."

"साहेब," ती म्हणाली, "फॉर्मॅलिन घातलं होतं?"

"हो."

"विषबाधेच्या नमुन्यात?"

"हो."

"आम्हाला हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

मावशी वैरण टाकून जवळ आली. "काय म्हनतीया ही?"

संगीता माझ्याकडे बघतच म्हणाली, "आई, साहेबांनी तुझा मठ्ठा आधी मारला आणि मग तपासायला दिला."

मावशीला समजायला थोडा वेळ लागला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. "मंजी माझा साक्षीदार तुमीच मारला म्हना की." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. "आन् मी येडी, त्यो तांब्या फडक्यात गुंडाळून ठिवत हुते. ओतून दिला आस्ता तर त्या शेटसारकी मी बी सुटले आस्ते."

तिचं म्हणणं बिनचूक होतं. ज्यानं पुरावा पुरला त्याच्याविरुद्ध नमुना नाही, म्हणून तो सुटला. जिनं पुरावा जपला तिचाच नमुना घेतला गेला. माझ्या शिबिराचं फलित एवढंच.

"चहा ठिव गं," मावशी म्हणाली. "सायेब दोन यस्ट्या बदलून आल्यात." मी चहा प्यालो. इतका कडू चहा मी आयुष्यात प्यालो नाही, आणि त्यात साखर भरपूर होती.

त्याच आठवड्यात मी संस्थेला आणि माझ्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. जंतुपरीक्षण झालं नाही ती चूक माझी. उपलब्ध माहितीवरून मठ्ठ्याचा विषबाधेशी काही संबंध दिसत नाही. जागा परत द्यावी. वरिष्ठांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली, ती योग्यच होती. माझी एक वेतनवाढ थांबली, तीही योग्य होती. संस्थेचं उत्तर सुबक टाइप केलेलं होतं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल समितीनं मला धन्यवाद दिले होते आणि पुढं म्हटलं होतं, की मठ्ठा निर्दोष असल्याचं सिद्ध न झाल्यामुळे जागेबाबत फेरविचार करता येत नाही. विषबाधेचं कारण म्हणून समितीच्या अहवालात "हवामान" लिहिलं होतं.

हे पत्र मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता नका फिरू माझ्यापायी. तुमी काय मुद्दाम न्हाय केलं." एवढं बोलून ती थांबली असती तर मी सुटलो असतो. पण ती पुढं म्हणाली, "मुद्दाम करनाऱ्यांनी बी माझं तेच केलं, मुद्दाम न करनाऱ्यानं बी तेच केलं." त्या थंडीत ती हुरडा घेऊन पुन्हा बारामतीला येऊ लागली, दुसऱ्या रस्त्यावर, भाजीवाल्यांच्या ओळीत. मठ्ठा तिनं पुन्हा केला नाही. माझी बदली होईपर्यंत मी दर उन्हाळ्यात विचारत राहिलो. "म्हशी इकल्या," असं एका वर्षी तिनं सांगितलं, आणि मग मी विचारणं बंद केलं. दिगंबरशेठची कंत्राटं चालू राहिली. त्याच्या दुकानातून मी पुढं पाच नमुने घेतले, पाचही निर्दोष निघाले. माझ्या पेटीची चाहूल त्याला स्टँडवरच लागायची.

पुढच्या उन्हाळ्यात कडुनिंबाखाली, मावशीच्या गाड्याच्या जागी, संस्थेनं रौप्यमहोत्सवाच्या स्मरणार्थ जनतेसाठी थंड पाण्याची पाणपोई बांधली. उद्घाटनाला मला निमंत्रण होतं. मंडप होता, शाली होत्या, तहानलेल्याला पाणी देण्यासारखं पुण्य नाही या विषयावर सहा जण बोलले. संगमरवरी पाटीवर एकोणीस नावं होती. फीत कापून झाल्यावर अध्यक्षांनी पहिला नळ फिरवला, मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. पाण्याची जोडणी घ्यायची राहिली होती.